प्रॉक्समॉक्सचा होस्ट बसला तर: सेटिंगचा बॅकअप घेणं आणि नव्या मशीनवर परत उभं करणं

तालुक्याच्या गावातली पतसंस्था, जिनिंगचं ऑफिस, कॉलेजची लॅब अशा ठिकाणी एका टॉवरवर प्रॉक्समॉक्स (एकाच मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी सिस्टिम) टाकून तीन-चार व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. रोज रात्री व्हीएमचा बॅकअप नासवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) जातो आणि सगळे निर्धास्त झोपतात. मग एखाद्या मे महिन्यात, टिनाच्या छपराखाली तापलेल्या खोलीत, होस्टची, म्हणजे ज्या खऱ्या मशीनवर हे सगळं चालतं त्याची, बूट डिस्कच जाते. व्हीएमचे बॅकअप जागेवर असतात. पण कोणता ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) कोणत्या लॅनकार्डाला जोडला होता, स्टोरेजला काय नाव दिलं होतं, बॅकअपचं वेळापत्रक काय होतं, कोणत्या युजरला कशाची परवानगी होती, यातलं काहीच त्या बॅकअपमध्ये नसतं. गोदामात कापसाच्या गाठी शाबूत आहेत, पण कोणती गाठ कोणाची ते लिहिलेलं रजिस्टरच जळालं, असा हा प्रकार.

व्हीझेडडम्प (प्रॉक्समॉक्सचीच बॅकअपची कमांड) किंवा प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर हे व्हीएमची डिस्क आणि त्या व्हीएमची सेटिंग घेतात. होस्टची सेटिंग घेत नाहीत. ती आपली आपणच घ्यावी लागते, आणि ती असते जेमतेम काही एमबीची.

खालची पद्धत एकट्या होस्टसाठी आहे. क्लस्टरचं (एकत्र जोडलेले अनेक होस्ट) आणि ईएसएक्सआयचं (व्हीएमवेअरची अशीच सिस्टिम) शेवटाकडे थोडक्यात दिलं आहे. फाइलींची आणि कमांडची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत करायची.

१. आधी हे जमवून ठेवा

- सध्या चालू असलेल्या आवृत्तीची प्रॉक्समॉक्स आयएसओ, बूट होणाऱ्या पेनड्राइव्हवर. होस्ट पडेल त्याच दिवशी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटलेली असू शकते. आयएसओ हाताशी असलीच पाहिजे.
- सेटिंगसाठी वेगळे तीन पेनड्राइव्ह. ८ जीबीचे पुरे.
- ६४ बिटचा, व्हर्च्युअलायझेशन चालणारा एखादा जुना डेस्कटॉप, रॅम शक्यतो १६ जीबी. एरवी सराव करायला, अडचणीत तात्पुरता होस्ट म्हणून. सुटा भाग नागपूर-अमरावतीहून एसटीच्या पार्सलनं येईपर्यंत दोन दिवस यावर निघतात.
- एक सुटी बूट एसएसडी.
- एक वही. तिच्यात होस्टचं पूर्ण नाव, आयपी, गेटवे, कोणती डिस्क कोणत्या पोर्टला, कोणती लॅनकेबल कुठं जाते ते लिहा. डिस्कचा सीरियल नंबर डिस्कवरच्या स्टिकरवरून उतरवून घ्या. वहीला चार्जिंग लागत नाही, म्हणून वही.

२. कोणत्या फाइली वाचवायच्या

प्रॉक्समॉक्सची बहुतेक सेटिंग /ईटीसी/पीव्हीई मध्ये दिसते: स्टोरेजची यादी, युजर, फायरवॉल, बॅकअपची कामं, प्रत्येक व्हीएमची आणि कंटेनरची (व्हीएमपेक्षा हलका प्रकार) कॉन्फ फाइल. गोम अशी की हा खरा फोल्डर नाही. पीएमएक्ससीएफएस नावाचा प्रोग्राम तो मेमरीत उभा करतो आणि खरा माल /व्हार/लिब/पीव्हीई-क्लस्टर/कॉन्फिग.डीबी या एका एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलमध्ये असतो. ही एक फाइल हातात असली तर अर्धी लढाई जिंकली.

त्याशिवाय या गोष्टी घ्या:

- /ईटीसी संपूर्ण. यात नेटवर्कची इंटरफेसेस फाइल, होस्ट्स, होस्टनेम, एफएसटॅब, मॉडप्रोब.डी, ग्रबची सेटिंग, व्हीझेडडम्प.कॉन्फ हे सगळं आलं.
- /रूट फोल्डर, कारण हाताने लिहिलेल्या स्क्रिप्ट तिथंच पडून असतात. /यूएसआर/लोकल मध्येही एकदा पाहा.
- /व्हार/स्पूल/क्रॉन. क्रॉनटॅबनं लावलेली ठरल्या वेळची कामं /ईटीसी मध्ये नसतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

नवखा माणूस इथं एक चूक हमखास करतो. पूर्ण रूट पार्टिशनची नक्कल घेताना टारला किंवा आरसिंकला (फाइली एकत्र बांधायची आणि कॉपी करायची कमांड) ‘एकाच फाइलसिस्टीमवर राहा’ असा पर्याय देतो. /ईटीसी/पीव्हीई वेगळी माउंट असल्यामुळे ती गुपचूप वगळली जाते. बॅकअप झाल्याचा निरोप येतो, आत फोल्डर रिकामा.

३. कॉन्फिग.डीबीची नक्कल नीट घ्या

चालू डेटाबेसवर साधी सीपी कमांड मारू नका. नुकते झालेले बदल शेजारच्या ‘-डब्ल्यूएएल’ फाइलमध्ये असतात, मुख्य फाइलमध्ये अजून उतरलेले नसतात. अशी नक्कल अर्धवट निघू शकते आणि ते कळतं थेट रिस्टोरच्या दिवशी.

त्याऐवजी एसक्यूलाइट३ ची ‘डॉट बॅकअप’ कमांड वापरा. ती चालू डेटाबेसचीही सलग, पूर्ण प्रत काढते. होस्टवर एसक्यूलाइट३ नसेल तर एपीटीनं टाकून घ्या. प्रत काढली की तिच्यावर लगेच ‘प्रॅग्मा इंटिग्रिटी_चेक’ चालवा. उत्तर ‘ओके’ आलं तरच ती प्रत ठेवायची.

४. रोजची स्क्रिप्ट: कोणत्या क्रमाने काय

१. सगळ्यात आधी /ईटीसी/पीव्हीई खरंच माउंट आहे का ते ‘माउंटपॉइंट’ कमांडनं तपासा. नसेल तर स्क्रिप्ट तिथंच थांबवा आणि मेल पाठवा. ही पायरी गाळली तर काय होतं? पीव्हीई-क्लस्टर सेवा कधी उठलीच नाही, तर फोल्डर रिकामा असतो, स्क्रिप्ट रिकाम्याचा बॅकअप घेते, आणि काही दिवसांत जुन्या चांगल्या प्रती गळून जाऊन सगळ्या प्रती रिकाम्या उरतात.

२. कॉन्फिग.डीबीची प्रत आणि तपासणी, वर सांगितल्याप्रमाणे.

३. हार्डवेअरचा अहवाल एका मजकूर फाइलमध्ये: ‘आयपी लिंक’, ‘एलएसबीएलके’, ‘बीएलकेआयडी’, ‘एलएसपीसीआय’, ‘झेडपूल स्टेटस’, ‘एलव्हीएस’, ‘क्यूएम लिस्ट’, ‘पीव्हीईएसएम स्टेटस’ आणि ‘पीव्हीईव्हर्जन -व्ही’ यांचं आउटपुट. रिस्टोर करताना सगळ्यात जास्त उघडली जाते ती हीच फाइल.

४. सगळ्याचा एक टार, नावात होस्टनेम आणि तारीख. फाइलची परवानगी ६००.

५. जीपीजीनं पासवर्ड लावून तो बंद करा. आत खाजगी किल्ल्या आहेत, युजरच्या पासवर्डांचे हॅश आहेत. असा पेनड्राइव्ह उघडाच बसमध्ये राहिला तर पंचाईत. जीपीजीचा पासवर्ड मात्र वहीत लिहून वही कपाटात ठेवा.

६. ३० दिवसांच्या प्रती ठेवा, त्याआधीच्या काढा. आकार इतका लहान आहे की इथं कंजुषी करण्यात अर्थ नाही.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर एन्क्रिप्शन लावलं असेल तर त्याची किल्ली /ईटीसी/पीव्हीई/प्रिव्ह/स्टोरेज मध्ये असते. ती गेली की ते सगळे बॅकअप कायमचे गेले, कोणीही उघडून देऊ शकत नाही. होस्टच्या सेटिंगचा बॅकअपही त्याच सर्व्हरवर त्याच किल्लीनं टाकत असाल तर अडकाल: किल्ली ज्या बॅकअपमध्ये आहे तोच त्या किल्लीशिवाय उघडत नाही. ‘पेपरकी’ कमांडनं ती किल्ली कागदावर छापता येते, क्यूआर कोडसकट. छापा आणि संस्थेच्या तिजोरीत ठेवा.

५. प्रती कुठं ठेवायच्या

एक प्रत नासवर, एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर, एक पेनड्राइव्हवर. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण ती कशालाही जोडलेली नसते.

आपल्याकडे मृगाच्या आधीचे वादळी पाऊस आले की वीज एकट्या सर्व्हरवर पडत नाही. ती लॅनच्या वायरमधून स्विच, नास, राउटर असं सगळं एका दमात घेऊन जाते, अर्थिंग कच्चं असेल तर विचारूच नका. सर्व्हरला खोचून ठेवलेला पेनड्राइव्ह त्यात वाचेल याचा भरवसा नाही. म्हणून कॉपी झाली की काढा. तीन पेनड्राइव्ह आळीपाळीनं वापरा आणि बदलायचा दिवस गावच्या आठवडी बाजाराचा धरा. कॅलेंडरातलं स्मरणपत्र माणूस झटकून टाकतो, बाजाराचा दिवस विसरत नाही.

पेनड्राइव्ह फॅट३२ असला तरी चालतो. फाइलींच्या परवानग्या टारच्या आत शाबूत राहतात.

६. होस्ट गेला: हात लावण्याआधी

स्क्रीनवरच्या एररचा फोटो काढा. पॉवर सप्लाय, रॅम आणि साटा केबल एकदा बदलून पाहा. उन्हाळ्यात दोष डिस्कचा वाटतो आणि निघतो धुळीनं गच्च भरलेल्या एसएमपीएसचा. घरगुती इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तर लाइट जाता-येता मशीन रिस्टार्ट होत राहतं, त्यालाही लोक ‘होस्ट गेला’ म्हणतात.

डिस्कच गेली अशी खात्री झाली तर जुनी बूट डिस्क पुसू नका, त्याच डिस्कवर नवं इन्स्टॉलेशन टाकू नका. काढून, नाव लिहून बाजूला ठेवा. ती पुढं कामी येऊ शकते.

७. नवं इन्स्टॉलेशन

डेटाच्या डिस्कांच्या केबल काढून ठेवा. इन्स्टॉलर निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो, आणि घाईत दोन सारख्या १ टीबीच्या डिस्कांमधून चुकीची निवडणं फार सोपं आहे.

मुख्य आवृत्ती जुनीच ठेवा: ८ वर होता तर ८, ९ वर होता तर ९. आवृत्ती ८ डेबियन १२ वर आहे, ९ डेबियन १३ वर. जुनी सेटिंग आणि नवी आवृत्ती एकाच दिवशी आणाल तर बिघाड नेमका कशानं झाला ते कळणार नाही. आधी उभं करा, अपग्रेड नंतर.

होस्टनेम अक्षर न् अक्षर तेच द्या. डेटाबेसमध्ये व्हीएमच्या फाइली नोडच्या (प्रॉक्समॉक्समध्ये होस्टला नोड म्हणतात) नावाच्या फोल्डरखाली असतात. जुनं नाव ‘पीव्हीई’ आणि नवं ‘पीव्हीई१’ झालं की डाव्या यादीत जुना नोड मेलेला दिसतो आणि सगळी व्हीएम त्याच्याखाली अडकून बसतात.

बूट डिस्कची फाइलसिस्टीमही पूर्वीचीच निवडा. एक्स्ट४ सोबत ‘लोकल-एलव्हीएम’ हे स्टोरेज येतं, झेडएफएस सोबत ‘लोकल-झेडएफएस’. जुन्या यादीत एक आणि डिस्कवर दुसरं असलं की स्टोरेजवर प्रश्नचिन्ह येतं.

८. नेटवर्क

बॅकअप उघडायचा तो /रूट मधल्या एखाद्या ‘जुना’ फोल्डरात. थेट मुळावर कधीच नाही. जुनी पूर्ण /ईटीसी नव्यावर ओतली की जुन्या एफएसटॅबमधला (बूट होताना काय काय जोडायचं त्याची यादी) ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, सापडत नाही आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. एकेक फाइल वाचून, हवा तो भाग घ्यायचा.

मदरबोर्ड बदलला असेल तर लॅनकार्डाचं नाव बहुधा बदललेलं असणार. ‘ईएनपी३एस०’ होतं, आता ‘ईएनओ१’ आहे. नाव पीसीआय स्लॉटवरून ठरतं, त्यामुळे त्याच मशीनमध्ये नुसतं एक कार्ड वाढवलं तरी ते सरकू शकतं. जुनी इंटरफेसेस फाइल जशीच्या तशी टाकली की व्हीएमबीआर० ब्रिज अस्तित्वात नसलेल्या कार्डाला जोडला जातो. पिंग नाही, वेब पॅनेल नाही. म्हणून मॉनिटर आणि कीबोर्ड लावूनच हे काम करा, दुरून नको.

‘आयपी लिंक’नं आजची नावं पाहा, अहवालातल्या मॅक ॲड्रेसशी ताडा, ‘ब्रिज-पोर्ट्स’च्या ओळीत नवं नाव भरा, मग ‘आयएफरीलोड -ए’. दोन कार्डं असतील तर एकेक केबल काढून कोणती ‘डाउन’ होते ते बघणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय.

/ईटीसी/होस्ट्स मध्ये होस्टच्या नावापुढे खरा आयपी हवा. तिथं १२७.०.१.१ असेल तर पीव्हीई-क्लस्टर सेवा उठणार नाही.

९. डेटाच्या डिस्का

मशीन बंद करून केबल लावा. झेडएफएस असेल तर ‘झेडपूल इम्पोर्ट’ नुसतं मारलं की सापडलेल्या पूलची (झेडएफएसच्या डिस्कसमूहांची) यादी येते. पूल आधी दुसऱ्या सिस्टिमनं वापरला होता अशी तक्रार आली तर ‘-एफ’ लावून आणा. जुना होस्ट खरोखर बंद आहे याची खात्री असेल तरच.

साध्या डिस्कसाठी जुन्या एफएसटॅबमधून तेवढीच ओळ घ्या आणि तिच्यात ‘नोफेल’ घाला, म्हणजे डिस्क रुसली तरी मशीन बूट होईल. फोल्डर प्रकारच्या स्टोरेजवर ‘इज_माउंटपॉइंट’ चालू ठेवा. नाहीतर डिस्क माउंट नसताना रात्रीचे बॅकअप बूट डिस्कवर उतरतात आणि सकाळी होस्ट शंभर टक्के भरलेला सापडतो.

१०. डेटाबेस परत बसवा

१. सगळी व्हीएम बंद. नव्या होस्टवर अजून काही चालू नसणंच उत्तम.
२. ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप पीव्हीई-क्लस्टर’.
३. /व्हार/लिब/पीव्हीई-क्लस्टर मधली नवी कॉन्फिग.डीबी आणि तिच्याजवळच्या ‘-डब्ल्यूएएल’, ‘-एसएचएम’ फाइली दुसरीकडे हलवा. नुसती मुख्य फाइल बदलून बाकीच्या तिथंच ठेवल्या तर जुन्या-नव्याची सरमिसळ होऊन डेटाबेस बिघडू शकतो.
४. बॅकअपमधली प्रत त्याच नावानं ठेवा. मालक रूट, परवानगी ६००.
५. रीबूट करण्याआधी पुढचा मुद्दा वाचा.

११. व्हीएम आपोआप उठण्याआधी

ज्या व्हीएमवर ‘ऑनबूट’ लावलेलं होतं ती रीबूट होताच उठायला लागतील. जुना होस्ट कुठं अर्धवट चालू असेल तर एकच आयपी दोघांकडे जाईल. त्याची पॉवर केबल काढलेली असू द्या.

पीसीआय पासथ्रू (होस्टचं एखादं कार्ड थेट व्हीएमला देणं) वापरत असाल तर जास्त सांभाळा. जुन्या मशीनवर ज्या पत्त्यावर ग्राफिक्स कार्ड होतं, नव्या मशीनवर त्याच पत्त्यावर साटा कंट्रोलर असू शकतो. व्हीएम उठताच होस्टच्या हातातली डिस्कच काढून घेतली जाते आणि सगळं गोठतं. म्हणून टप्पा १० मधली चौथी पायरी झाल्यावर रीबूट न करता फक्त पीव्हीई-क्लस्टर सुरू करा, /ईटीसी/पीव्हीई/क्यूईएमयू-सर्व्हर मधल्या फाइलींतून ‘होस्टपीसीआय’च्या आणि ‘ऑनबूट’च्या ओळी तात्पुरत्या काढा, मग रीबूट.

लॉगिनचं: रूटचा पासवर्ड इन्स्टॉल करताना दिलेला नवाच चालेल, कारण तो डेटाबेसमध्ये नसतो. ‘पीव्हीई’ रेल्मचे (प्रॉक्समॉक्सच्या स्वतःच्या यादीतले) युजर जुन्या पासवर्डानं येतील. ‘पाम’ रेल्मचे (लिनक्सच्या यादीतले) इतर युजर लिनक्सवर पुन्हा तयार करावे लागतील. दोन टप्प्यांचं लॉगिन लावलं असेल आणि कोड चुकीचा म्हणत असेल तर आधी घड्याळ पाहा. जुन्या बोर्डाचा सीमॉस सेल संपलेला असतो आणि तारीख कुठल्या कुठे गेलेली असते. ब्राउझर सर्टिफिकेटवरून अडला तर ‘पीव्हीईसीएम अपडेटसर्ट्स --फोर्स’.

आता ज्या व्हीएमच्या डिस्का शाबूत आहेत त्या एकेक करून सुरू करा. ज्यांच्या गेल्या, त्यांच्या बॅकअप टॅबमधून त्याच क्रमांकावर रिस्टोर करा. ‘नवीन व्हीएम बनवून त्यात डिस्क जोडू’ हा मोह टाळा. कॉन्फ फाइलमध्ये लॅनकार्डाचा मॅक आणि मशीनचा यूयूआयडी असतो. ते बदलले की विंडोजला नवीन लॅनकार्ड दिसतं, दिलेला आयपी जुन्या अदृश्य कार्डाकडे राहतो, आणि मशीनच्या ओळखीला बांधलेलं लायसन्स रुसून बसतं.

सराव वर्षातून दोनदा करा: एकदा होळीनंतर उन्हाळा तापायच्या आधी, एकदा दिवाळीच्या सुट्टीत. जुन्या डेस्कटॉपवर, मुख्य नेटवर्कची केबल काढून.

१२. क्लस्टर आणि ईएसएक्सआय

क्लस्टरमधला एक नोड गेला आणि बाकीचे जिवंत असतील तर जुनी कॉन्फिग.डीबी परत टाकू नका. सेटिंग बाकीच्यांकडे आहेच. गेलेला नोड यादीतून काढायचा, नवं इन्स्टॉलेशन करून पुन्हा सामील करायचं.

ईएसएक्सआयवर ‘व्हिम-सीएमडी’नं आधी फर्मवेअरचं ‘सिंक_कॉन्फिग’, मग ‘बॅकअप_कॉन्फिग’ चालवा. एक लिंक मिळते. तिच्यातल्या तारकेच्या जागी होस्टचा आयपी घालून फाइल लगेच उतरवून घ्या. रिस्टोरसाठी बिल्ड नंबर तोच लागतो, म्हणून तो फाइलच्या नावातच लिहा. होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये हवा, आणि कमांड मारताच तो न विचारता रीबूट होतो.

१३. बॅकअप नव्हताच, पण जुनी डिस्क वाचता येते

डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला जोडा. /ईटीसी/पीव्हीई रिकामीच दिसेल. घाबरू नका, कारण माल कॉन्फिग.डीबीमध्ये आहे. ती आणि जवळच्या डब्ल्यूएएल, एसएचएम फाइली एकत्र उचला. डेटाबेस उघडला की ‘ट्री’ नावाच्या टेबलात फाइलींची नावं आणि मजकूर मिळतो.

जोडलेलं मशीनही प्रॉक्समॉक्सच असेल तर दोन्ही डिस्कांवर ‘पीव्हीई’ नावाचाच व्हॉल्यूम ग्रुप असेल आणि एलव्हीएम गोंधळेल. ‘व्हीजीएस’मधून जुन्या ग्रुपचा यूयूआयडी काढून ‘व्हीजीरीनेम’नं त्याला दुसरं नाव द्या, मग रूट व्हॉल्यूम फक्त वाचण्यापुरता माउंट करा. झेडएफएसचा ‘आरपूल’ असेल तर इम्पोर्ट करतानाच नवं नाव आणि ‘-आर’ (हे एक मात्र मोठ्या अक्षरात) लावून वेगळा फोल्डर द्या, नाहीतर तो चालू सिस्टिमच्या मुळावरच माउंट व्हायला जातो.